जिभेतली आडवी दांडी

माझे वडील सोनार. आम्ही मूळचे बेळगावकडचे. लग्नानंतर ते बेंगळुरूला आले आणि राजाजीनगरात एका गल्लीच्या तोंडाशी त्यांनी छोटं दुकान टाकलं. दागिने घडवायचं काम होतंच, पण आसपासच्या लोकांना ते ठाऊक होते ते कान टोचणारे म्हणून. सोन्याच्या बारीक तारेचं टोक घासून सुईसारखं करायचे, बाळाच्या आईला म्हणायचे, "अक्का, तिकडं बघू नका, माझ्याकडं बघा," आणि बाळाला रडायचं सुचेपर्यंत दुसरा कानही टोचून झालेला असायचा. मी त्यांच्या शेजारी बसून ते शिकले. पुढे बी.कॉम. झाले, दोन वर्षं एका ऑफिसात काढली, पण मन लागेना. शेवटी जयनगरातल्या एका पिअर्सिंग स्टुडिओत लागले.

अप्पा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "कान-नाक समजलं. बाकीचं काय टोचून घेतात लोक?"

मी हसले होते. मला ते जुने वाटत होते. आमच्याकडे पोकळ सुया होत्या, टायटॅनियमचे दागिने होते, वाफेवर हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र होतं. मला हे काम शिकवलं ते तिथं माझ्याआधीपासून असलेल्या एका बाईनं. हात धुण्यापासून तिनं सुरुवात केली होती. कपाटाच्या दाराला आतून तिनं एक कागद चिकटवला होता. त्यावर आपण कधीच करायच्या नाहीत अशा गोष्टी लिहिलेल्या होत्या. जिभेच्या शेंड्यातून आडवी दांडी, ही त्यातली पहिलीच. ती बाई नोकरी सोडून परदेशी गेली. महिन्याभरानं कपाट रंगवायच्या निमित्तानं मालकानं तो कागद काढला आणि परत काही लावला नाही. मीही विचारलं नाही.

मालक आधी विम्याच्या कंपनीत होता. त्याला टोचता येत नव्हतं. म्हणजे व्हिडिओ बघून आपल्याला येतं असं त्याला वाटायचं.

ती मुलगी आमच्याकडे पहिल्यांदा आली ती नाक टोचायला. पुण्याची, चोवीस वर्षांची, आयटीत. माझ्या फोनवर आईचा फोन आला, मी मराठीत बोलले, आणि खुर्चीतून ती जवळजवळ उठलीच. "अय्या, तू मराठी? आधी नाही का सांगायचं! मी मघापासून हिंदीत रडतेय."

खूप बोलायची. बोलण्याचंच काम होतं तिचं. ऑफिसात नवीन लोकांना ट्रेनिंग द्यायची, परदेशी गिऱ्हाइकांशी कॉलवर असायची. तिच्या मॅनेजरची नक्कल करायची तेव्हा रिसेप्शनवरची मुलगीसुद्धा, भाषा कळत नसताना, हसून लोळायची. माझ्या मराठीचीही नक्कल करायची. "काय करालीस गं?" असं माझ्यासारखं म्हणून दाखवायची. मला राग येत नसे. बेंगळुरूत जन्म गेला तरी घराबाहेर माझ्याशी मराठीत बोलणारं माझ्या वयाचं कुणी नव्हतं. ती मला ताई म्हणायला लागली. नाक झालं, मग कानाच्या वरच्या कडेला एक, मग आणखी एक. मधल्या काळात ती रविवारी आमच्या घरी जेवायला यायला लागली. आई तिला वाढताना म्हणायची, "स्वल्प भात घे की अजून," आणि ती सगळं चाटूनपुसून खायची.

मार्चमध्ये एक दिवस तिनं फोन माझ्यापुढे धरला. कुठल्या तरी परदेशी मुलीचा फोटो होता. जीभ बाहेर काढलेली, शेंड्यावर दोन्ही बाजूंना एकेक चकचकीत मणी.

"स्नेक आइज म्हणतात याला. सापाचे डोळे. मला हे पाहिजे."

"नाही," मी म्हणाले.

"अगं, ऐकून तरी घे."

मीच तिला ऐकवलं. जीभ हा एकच स्नायू नसतो. डावीउजवीकडचे स्नायू वेगवेगळे हलतात, आणि ही दांडी त्यांना एकत्र शिवून टाकते. वरून दोन मणी दिसतात, पण आतून लोखंडाचा खिळा ठोकावा तसा तो तुकडा आडवा गेलेला असतो. धातू दिवसभर पुढच्या दातांवर आपटतो. हिरड्या खाली सरकतात, त्या परत वर येत नाहीत. दाताचा टवका उडतो. तोंडात जंतू किती असतात ते वेगळंच. जिभेच्या मधोमध उभी दांडी घालतात, तीही मी दहादा विचारून करते, पण हे मी करत नाही.

"एवढं सगळं होत असतं तर लोकांनी केलंच नसतं," ती म्हणाली. "आणि शरीर माझं आहे ना, ताई?"

मालक काउंटरपाशी उभा होता. मराठी त्याला येत नव्हतं, पण फोटो दिसत होता. ती गेल्यावर तो मला म्हणाला, "आपण नाही केलं तर ती दुसरीकडे जाईल. तू करत नसशील तर मी करतो. व्हिडिओ फार छान होईल याचा."

दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. "तुझा मालक म्हणतोय तो करेल. पण मला तुझाच हात हवा. प्लीज ताई."

मी तेव्हा स्वतःला सांगितलं, त्या माणसाच्या हातात तिची जीभ देण्यापेक्षा माझ्या हातून झालेली बरी. पुढे कित्येक महिने मी सगळ्यांना हेच सांगत राहिले. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं असं की मला ते करून बघायचं होतं. इतक्या जणींचे कान-नाक टोचून झाले होते, आणि हे अवघड काम आपल्याला जमेल का याची मला खाज होती. शिवाय तिचं ते 'तुझाच हात'. मला ते दिवसभर गोड लागत होतं.

ठरल्या दिवशी दुपारी ती आली. अर्धा दिवस सुट्टी टाकून आली होती. मी दागिन्यांचा ट्रे उघडला तर हवी ती लांबी नव्हती. जीभ टोचल्यावर सुजतेच, म्हणून सुरुवातीला दांडी लांब घालायची असते. सूज उतरली की मग आखूड बदलायची. ट्रेमध्ये होत्या त्या सगळ्या आखूड, सूज उतरल्यानंतरच्या. पार्सल पुढच्या आठवड्यात येणार होतं.

मी मालकाला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, "तीन-चार मिलीमीटरनं काय होतंय?"

मी तिला म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी ये. मापाची दांडी नाही."

"पुढच्या शुक्रवारी मी ट्रेनिंगला हैदराबादला आहे. हिंमत करून आलेय गं. आज नाही तर मग मी कधीच नाही करणार."

कधीच नाही करणार. तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. मी फक्त नाही म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मी हातमोजे चढवले. तिच्या जिभेचा शेंडा कापसाच्या पट्टीत धरला, खुणा केल्या, खालच्या शिरा टॉर्चनं बघितल्या. मालक फोन घेऊन समोर उभा राहिला. तिनं डोळे घट्ट मिटले. मी म्हणाले, "घाबरू नको, मी आहे की. श्वास सोड." तिनं सोडला आणि सुई पार झाली. रक्त जेमतेम एक थेंब. दोन्ही मणी अगदी सरळ रेषेत बसले होते. ती आरशासमोर जीभ काढून नाचली. मला मिठी मारली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला फार अभिमान वाटला.

मालकानं संध्याकाळपर्यंत व्हिडिओ टाकलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सूज आली, ती अपेक्षितच होती. बर्फ चोखायला, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायला, तिखट बंद ठेवायला मी सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं फोटो पाठवला. डाव्या बाजूचा मणी अर्धा मांसात गेला होता. खाली लिहिलं होतं, "हे नॉर्मल आहे ना?"

मी तो फोटो मालकाला दाखवला. तो गंभीर झाला, पण वेगळ्याच कारणानं. "मेसेजवर काही लिहू नको. फोन कर. इथं बोलाव, आपण काढू. हॉस्पिटलला पाठवलंस तर ते शंभर प्रश्न विचारतील."

आणि मी मेसेजवर काही लिहिलं नाही. फोन केला. "स्टुडिओत ये, मी बघते," एवढंच म्हणाले. "आधी डॉक्टरकडे जा," हे वाक्य माझ्या तोंडात होतं. ते मी गिळलं.

ती दुपारी आली ती स्कार्फ तोंडाला लावून. लाळ गळत होती, म्हणून. अंगात ताप होता. डावा मणी आता दिसतच नव्हता. जिभेवर एक बारीक भोक होतं आणि त्यातून पिवळट काहीतरी येत होतं. मी तिला खुर्चीत बसवलं आणि दांडी काढायचा प्रयत्न करायला लागले. मणी आटे फिरवून निघतो. पण पकडायलाच काही नव्हतं. चिमटा घसरत होता. ती खुर्चीचे हात धरून घशातून आवाज काढत होती. वीस मिनिटं मी हे केलं. मालक दारात उभा राहून म्हणत होता, "हळू, हळू, येईल." मग तिनं माझा हात ढकलला आणि स्वतःच्या हनुवटीखाली बोट ठेवून दाखवलं. मी हात लावला. तिथली सूज लाकडासारखी कडक झाली होती.

त्याचा अर्थ मला शिकवलेला होता. तोंडाच्या तळाशी जंतू पसरले की सूज घशाकडे जाते आणि श्वासाची वाट बंद होऊ शकते. मी तिला उठवलं, खाली आणलं, रिक्षात घातलं. रिक्षावाला म्हणाला, "एन आयतु अक्का?" काय झालं म्हणून विचारत होता. मी नुसतं म्हणाले, बेगा, लवकर.

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात एक डॉक्टरबाई होत्या. माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी टॉर्च टाकला, चेहरा बदलला, नर्सला तीन-चार गोष्टी भराभर सांगितल्या. आणि सलाईनची सुई लावली जात असताना माझ्याकडे वळून विचारलं, "हे कुणी केलं?"

ती मुलगी पलंगावर बसलेली होती. तोंड उघडं, बोलता येत नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "माहीत नाही. कुठल्या तरी दुकानात करून घेतलंय. मी तिची मैत्रीण आहे."

डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतलं. "काढायचा प्रयत्न कुणी केला? आत फाटलंय."

"तिनंच केला असेल," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघतच होती. तिनं मान हलवली नाही, हातानं खूण केली नाही. मग तिला आत नेलं.

भूल देऊन दांडी काढली. हनुवटीखाली छेद घेऊन नळी घातली. दोन दिवस ती अतिदक्षता विभागात होती. मी तिच्या फोनवरून पुण्याला तिच्या आईला कळवलं. आई दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं आली. शाळेत शिकवणारी, बारीक, नीटनेटकी बाई. बाहेरच्या बाकावर मी बसले होते. फोन करणारी मैत्रीण मीच हे कळल्यावर तिनं माझे दोन्ही हात धरले. "तू होतीस म्हणून वाचली गं माझी पोर. परक्या गावात कोण कुणाचं असतं?"

मी तिला चहा आणून दिला. पोळीभाजीचा डबा घरून करून आणला. चार दिवस मी तिला ने-आण करत होते, औषधं आणत होते. ती मला तिच्या मुलीच्या लहानपणच्या गोष्टी सांगायची. वक्तृत्वाची बक्षिसं, गॅदरिंगमधल्या नकला. त्या दुकानदाराला ती शिव्या द्यायची, शिक्षिकेला येतात तशा सभ्य शिव्या. "असल्या माणसांना रात्री झोप कशी लागते?" मी मान डोलवायचे.

तिच्या मुलीनं तिला काही सांगितलं नाही. फोनवर लिहून ती आईशी बोलायची, तरीही नाही. मी खोलीत गेले की डोळे मिटून घ्यायची. मला वाटायचं, ती मला सांभाळून घेतेय. तेवढं तरी मला वाटून घ्यायचं होतं.

हॉस्पिटलमधून घरी सोडल्यानंतर तिसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन आला. मुलीच्या ऑफिसातल्या कुणी तरी तिला तो व्हिडिओ पाठवला होता. त्यात माझा चेहरा नव्हता. हातमोजे होते. पण आवाज होता.

"'घाबरू नको, मी आहे की,'" ती म्हणाली. "तूच ना?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही.

"चार दिवस मी तुझ्या हातचं खाल्लं," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

तिच्या घरच्यांनी तक्रार केली. मालकानं टोचण्याआधी तिच्याकडून घेतलेला सहीचा कागद पुढे केला. त्यावर सगळे धोके छापलेले होते आणि खाली तिची सही होती. मापाची दांडी नव्हती, हे त्यात कुठं येणार? शिवाय त्यानं लिहून दिलं की टोचणारीनं हे काम मालकाच्या सूचनेविरुद्ध, मैत्रिणीखातर केलं. रिसेप्शनवरच्या मुलीनंही त्यावर सही केली. मला त्याच आठवड्यात काढलं. तो व्हिडिओ त्यानं काढला नाही. थोड्या महिन्यांनी ती जागा सोडून त्यानं बनशंकरीला दुसरं नाव घेऊन स्टुडिओ उघडला, आणि तोच व्हिडिओ तिथंही लावला. आवाज काढून त्यावर गाणं टाकलंय आता.

मी अप्पांना सगळं सांगितलं. मालक कसा होता, पार्सल कसं आलं नाही, ती कशी हट्टाला पेटली होती. ते अंगठी घासत होते. माझं संपेपर्यंत घासतच राहिले. मग विचारलं, "सुई कुणाच्या हातात होती?"

मला त्यांचा फार राग आला. अजूनही येतो. आयुष्यभर कानाच्या पाळ्याच टोचल्या, त्यांना काय माहीत, असं मला वाटत राहतं. पण त्या दिवसापासून दुकानात बाळ आलं की ते मला आत काहीतरी आणायला पाठवतात. मी आत जाऊन उभी राहते. बाहेर बाळ रडून गप्प झालं की परत येते. मी हिशेबाचं बघते, गिऱ्हाइकांना कुड्या दाखवते.

ती पुण्याला परत गेली. तिच्याबद्दल जे कळलं ते तिच्या ऑफिसातल्या एका मुलीकडून. जिभेच्या शेंड्याची डावी बाजू बधिर राहिली. आत जखमेची गाठ झाली, त्यामुळे शेंडा वर वळत नाही. 'ळ' येत नाही, 'ण' येत नाही, 'र' घसरतो. ट्रेनिंगचं काम गेलं. आता ती लिहिण्याचं काहीतरी करते, कॅमेरा आणि माइक बंद ठेवून मीटिंगला बसते.

मी तिला एक लांबलचक मेसेज लिहिला. माफी मागितली. मालकाचं लिहिलं, आखूड दांडीचं लिहिलं, माझ्या हौसेचंही लिहिलं. आठ दिवसांनी तिचं उत्तर आलं, आवाजातलं. मला वाटलं होतं ती लिहील.

आवाज तिचाच होता, पण शब्द ओले, जड. एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखे. मला नीट समजायला तीनदा ऐकावं लागलं.

"ताई, टोचल्याचा राग नाही. ते मीच मागितलं होतं. मी तिथं बसले होते, आणि तू म्हणालीस, माहीत नाही. तू म्हणालीस, तिनंच केलं असेल. मला बोलता येत नव्हतं, हे तुला माहीत होतं."

एवढंच. त्यानंतर तिनं मला ब्लॉक केलं.

दोन दिवसांनी मी त्या हॉस्पिटलला गेले. काय मिळवायला गेले ते सांगता येणार नाही. त्याच डॉक्टरबाई बाह्यरुग्ण विभागात बसल्या होत्या. तासभर थांबल्यावर माझा नंबर आला. मी उभी राहूनच सांगितलं, जिभेच्या आडव्या दांडीची ती मुलगी, ते मी केलं होतं. काढायचा प्रयत्नही मीच केला होता. तेव्हा मी खोटं सांगितलं.

त्यांना आठवायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता त्या ओरडतील. त्यांनी ओरडावं असं मला वाटत होतं.

"तेव्हा सांगितलं असतं तर आत काय काय घातलं होतं, कुठल्या मापाचं, ते कळलं असतं," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "आम्ही दुसरा मणी शोधत बसलो होतो, तो निघून पडलाय की गिळलाय की आत आहे, म्हणून. त्यासाठी जास्त कापावं लागलं."

मला हे माहीत नव्हतं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

"त्यामुळे जीभ...?" मी विचारलं.

"तसं नक्की सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "अजून करता हे काम?"

"नाही."

"बरं," असं म्हणून त्यांनी घंटी दाबली, आणि माझ्या मागं उभा असलेला पेशंट कागद पुढे करत माझ्या बाजूनं आत आला.